पोकळ गिटारसाठी पिकअप निवडताना...

तंतुवाद्याचा आवाज त्याच्या लाकडात असतो, असे आपल्याकडे परंपरेने मानले जाते. सतारीचा भोपळा, तंबोऱ्याची तबली, व्हायोलिनची पाठ यांविषयी कारागीर आणि कलावंत तासन् तास बोलू शकतात. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत मात्र हे सत्य अर्धेच ठरते. तिचा स्वर तारांखाली बसविलेल्या एका छोट्या चुंबकीय यंत्रणेतून बाहेर पडतो. या यंत्रणेला 'पिकअप' म्हणतात. भरीव लाकडाच्या गिटारमध्ये हा पिकअप जवळजवळ एकटाच राज्य करतो. पोकळ अंगाच्या, म्हणजेच 'हॉलो बॉडी' गिटारमध्ये त्याला लाकूड आणि आतली हवा या दोघांशी जुळवून घ्यावे लागते. त्यामुळेच या गिटारचा पिकअप बदलणे हे वरवर सोपे दिसणारे, परंतु बरेच विचार करावयास लावणारे काम आहे.

जॅझ, ब्लूज आणि जुन्या धाटणीचे रॉक संगीत यांची आवड असलेल्या अनेक वादकांकडे आज मध्यम किमतीची पोकळ गिटार असते. एपिफोन, आयबनेझची २००२ मध्ये आलेली 'आर्टकोर' मालिका, ग्रेचची 'इलेक्ट्रोमॅटिक' मालिका ही त्यांतली परिचित नावे. कोरिया, चीन, इंडोनेशिया येथील कारखान्यांत तयार झालेल्या या गिटारींचे लाकूडकाम बहुधा चांगले असते. काटकसर केली जाते ती पिकअप, व्हॉल्युमची बटणे आणि तारजोडणी यांत. काही महिन्यांनी वादकाला आवाज बोथट वाटू लागतो, किंवा मंचावर गिटार किंचाळू लागते, आणि पिकअप बदलण्याचा विचार मनात येतो. अशा वेळी गिटारच्या निम्म्या किमतीचे पिकअप मागवून निराश होणारे अनेक असतात. नेमके काय बदलले म्हणजे नेमके काय सुधारते, हे समजून घेतले तर हा खर्च पुष्कळ आटोक्यात ठेवता येतो.

पिकअप काम कसे करतो?

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये मांडलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व हा पिकअपचा पाया आहे. चुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. चुंबकामुळे वरची पोलादी तारही किंचित चुंबकीय होते. ती कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि वेढ्यांमध्ये सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब अॅम्प्लिफायरने वाढविला की स्वर ऐकू येतो. याचा अर्थ असा, की पिकअप हा मायक्रोफोन नव्हे. तो हवेतला आवाज टिपत नाही, तारेची हालचाल टिपतो. अकूस्टिक गिटारच्या कांस्याच्या वेष्टनाच्या तारा इलेक्ट्रिक गिटारवर चढविल्या तर आवाज दुबळा आणि असमतोल येतो, त्याचे कारण हेच. ते वेष्टन चुंबकाला प्रतिसाद देत नाही.

या साध्या रचनेत एक दोष आहे. तारेचे वेढे केवळ गिटारच्या तारेचीच नव्हे, तर आसपासच्या विजेच्या उपकरणांचीही चुंबकीय चाहूल टिपतात. भारतात घरगुती वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, अमेरिकेत तो ६० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचे चोक, दिव्यांचे डिमर यांच्या सान्निध्यात एकेरी वेढ्याचा पिकअप या वारंवारितेची आणि तिच्या पटींची सतत गुरगुर ऐकवीत राहतो.

पोकळ गिटारचा वारसा

गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये 'ईएस-१५०' ही पोकळ इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकाने १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात ती वाजविली आणि गिटार ही मागे बसून ताल धरणारी सोबतीण राहिली नाही, तिला एकल वादनाचा मान मिळाला. वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, १९४२ मध्ये ख्रिश्चनचे निधन झाले. परंतु त्याच्या गिटारमधला पट्टीसारखा पिकअप आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

गिब्सनने १९४६ मध्ये 'पी-९०' हा एकेरी वेढ्याचा पिकअप आणला. त्याचा आवाज भरदार आणि काहीसा खरखरीत. गुरगुर मात्र कायम. या गुरगुरीवर त्याच कंपनीतील सेथ लव्हर या अभियंत्याने तोडगा काढला. त्याने दोन वेढे शेजारी ठेवले. त्यांच्या चुंबकांची टोके एकमेकांच्या उलट आणि वेढ्यांची जोडणीही उलट. परिणामी तारेचा संकेत दोन्ही वेढ्यांत मिळून वाढतो, आणि बाहेरून आलेली गुरगुर एकमेकींना छेद देऊन नाहीशी होते. गुरगुर परतवून लावणारा म्हणून त्याचे नाव 'हमबकर'. पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज झाला, पेटंट १९५९ मध्ये मिळाले. मधल्या काळातील पिकअपच्या तळाशी 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिकटपट्टी असे. त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'पीएएफ' हे नाव रूढ झाले, आणि आज जगातले बहुसंख्य हमबकर त्याच पीएएफचे वंशज आहेत.

याच सुमारास रे बट्स या गृहस्थाने चेट अॅटकिन्स या विख्यात गिटारवादकासाठी स्वतंत्रपणे असाच एक पिकअप तयार केला. ग्रेच कंपनीने तो 'फिल्टरट्रॉन' या नावाने आपल्या गिटारींवर बसविला. त्यात वेढे कमी असल्याने त्याचा आवाज पीएएफपेक्षा उजळ आणि खणखणीत आहे. रॉकाबिली संगीताचा जो झणझणीत स्वर ओळखीचा झाला आहे, त्याचे बरेचसे श्रेय या पिकअपला जाते. पी-९०, पीएएफ आणि फिल्टरट्रॉन ही तीन घराणी ओळखता आली, की बाजारातील शेकडो नावांचा गोंधळ बराच कमी होतो. कारण बहुतेक पिकअप या तिघांपैकी एकाची आवृत्ती असतात.

किंकाळीचे दोन प्रकार

पोकळ गिटारच्या वादकाची सर्वांत मोठी तक्रार असते ती 'फीडबॅक'ची. सार्वजनिक सभेत ध्वनिक्षेपक अचानक शिट्टी मारू लागतो, तसाच हा प्रकार. मात्र गिटारच्या बाबतीत त्याची दोन वेगवेगळी कारणे असतात आणि ती ओळखण्यात चूक झाली की पैसा वाया जातो.

पहिला प्रकार खर्जातला. स्पीकरमधून आलेला आवाज गिटारच्या पोकळ अंगावर आदळतो, तिची तबली थरथरते, त्या थरथरीने तारा हलतात, पिकअप ती हालचाल टिपतो आणि तोच आवाज पुन्हा स्पीकरमधून वाढून येतो. हे चक्र चालू झाले की गिटार विशिष्ट खालच्या स्वरावर घुमू लागते. या घुमण्याचे मूळ लाकडात आणि आतल्या हवेत आहे. जगातला कितीही महागडा पिकअप बसविला तरी ते थांबत नाही. बी. बी. किंग यांच्यासारखे दिग्गज वादक गिटारच्या अंगावरील 'एफ' अक्षराच्या आकाराच्या खाचांत कापड कोंबत असत. पुढे १९८० मध्ये गिब्सनने त्यांच्या नावाने काढलेल्या 'ल्युसिल' गिटारमध्ये या खाचाच ठेवल्या नाहीत. गिब्सनने १९५८ मध्ये आणलेल्या 'ईएस-३३५' मध्ये अंगाच्या मधोमध मेपल लाकडाचा भरीव ठोकळा घातला, त्यामागेही हाच उद्देश होता.

दुसरा प्रकार वरच्या सप्तकातला: तीक्ष्ण, कानठळ्या बसविणारी शिट्टी. येथे दोषी पिकअपच असतो. वेढे सैल असतील, किंवा धातूचे आवरण आतल्या भागाला नीट चिकटलेले नसेल, तर मोठ्या आवाजात ते भाग स्वतःच थरथरू लागतात आणि पिकअप नको तेथे मायक्रोफोनसारखा वागतो. यावर उपाय म्हणजे वितळलेल्या मेणात पिकअप बुडवून सर्व पोकळ्या मेणाने भरणे. आज बहुतेक कारखानदार हे काम स्वतःच करून देतात.

या दोन प्रकारांतला फरक ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. किंकाळी सुरू होताच सर्व तारांवर तळहात घट्ट दाबावा. आवाज थांबला, तर तो लाकूड-तारांचा खेळ. शिट्टी तशीच चालू राहिली, तर पिकअपचा दोष. पहिल्या प्रकारात अॅम्प्लिफायरपासून दूर उभे राहणे, त्याचा खर्ज कमी करणे, खाचा तात्पुरत्या बंद करणे हे फुकटातले उपाय अधिक गुणकारी ठरतात. दुसऱ्या प्रकारात मात्र मेण भरलेला नवा पिकअप घेणे सार्थकी लागते.

खर्चाआधीची परीक्षा

नवा पिकअप घेण्याआधी जुन्याला न्याय मिळाला आहे का, हे पाहावयास हवे. पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून त्याची उंची बदलता येते, आणि या एका स्क्रूड्रायव्हरच्या कामाने आवाजात पडणारा फरक पुष्कळांना चकित करतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरावी आणि तार व पिकअप यांतील अंतर मोजावे. मानेकडील पिकअपसाठी सुमारे अडीच मिलिमीटर आणि घोडीकडील, म्हणजे ब्रिजकडील पिकअपसाठी सुमारे दीड मिलिमीटर हे अंतर सुरुवातीला ठीक असते. मग कानाने जुळवत जावे. आवाज धूसर आणि खर्जाने भरलेला वाटत असेल तर पिकअप खाली उतरवून पाहावा. तो तारांच्या फार जवळ असल्याची शक्यता मोठी.

त्यानंतर तारा. गंजलेल्या तारांनी महागडा पिकअपही निस्तेज होतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तारा लवकर काळवंडतात, हे तेथील प्रत्येक वादकाला ठाऊक असते. जॅझचा मऊ, गोल आवाज हवा असेल तर गुळगुळीत वेष्टनाच्या 'फ्लॅटवाउंड' तारा चढविल्यानेच निम्मे काम होते. पिकअप बदलूनही तो परिणाम मिळत नाही.

तिसरी पायरी व्हॉल्युम आणि टोनच्या बटणांची. या बटणांखाली जे पॉट असतात, त्यांचे मूल्य हमबकरसाठी साधारणतः ५०० किलोओहम असावे. काही स्वस्त गिटारींत ते २५० किलोओहमचे असतात. पॉटचे मूल्य कमी, तितके वरचे स्वर अधिक गिळले जातात. बोथट आवाजाचे खापर पिकअपवर फुटते आणि खरा दोषी हा छोटा भाग असतो. पॉटची किंमत पिकअपच्या तुलनेत नगण्य असते, आणि मुंबईतील लॅमिंग्टन रस्त्यासारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत असे भाग शोधता येतात.

गुरगुर हीच मुख्य तक्रार असेल, तर तारांना हात लावून पाहावे. हात लावल्यावर भुणभुण कमी झाली तर जोडणी सर्वसाधारणपणे ठीक आहे. ती वाढत असेल, तर तारा बांधलेल्या पट्टीकडे जाणारी अर्थिंगची तार तुटली असण्याची शक्यता असते. त्याचबरोबर अॅम्प्लिफायर तीन पिनांच्या, खरोखर अर्थिंग असलेल्या सॉकेटला जोडलेला आहे याची खात्री करून घ्यावी. २३० व्होल्टच्या विजेपुढे हा प्रश्न केवळ आवाजाचा राहत नाही, जिवाचा होतो.

आकड्यांची दिशाभूल

पिकअपच्या जाहिरातीत ठळकपणे छापलेला आकडा असतो तो विद्युतरोधाचा: ७.५ किलोओहम, ८.२ किलोओहम, १४ किलोओहम. आकडा मोठा, तितका पिकअप 'ताकदवान' अशी समजूत आहे. ती पूर्णपणे खरी नाही. रोध हा तारेची लांबी आणि जाडी या दोहोंवर अवलंबून असतो. अधिक बारीक तार वापरली, तर वेढे तेवढेच ठेवूनही रोध वाढतो. ताकद वाढत नाही. म्हणून दोन वेगवेगळ्या घराण्यांच्या पिकअपची तुलना या आकड्यावरून करू नये. फिल्टरट्रॉनचा रोध अवघा ४ किलोओहमच्या आसपास असतो, तरी त्याला कोणी दुबळा म्हणत नाही. एकाच घराण्यातल्या, सारख्या तारेच्या दोन पिकअपमध्ये मात्र हा आकडा काही सांगू शकतो. पीएएफ पद्धतीच्या पिकअपमध्ये तो साधारण ७ ते साडेआठ किलोओहम असतो. त्याहून पुष्कळ अधिक असेल तर वेढे जास्त, मधले स्वर पुढे, वरचे स्वर मागे, असे ढोबळमानाने समजावे.

पोकळ गिटारसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. फार तापट, अधिक वेढ्यांचा पिकअप अॅम्प्लिफायरला लवकर विकृत आवाजाकडे ढकलतो आणि फीडबॅकचे चक्र अधिक सहज सुरू होते. शिवाय पोकळ लाकडामुळे स्वराला जी हवेशीर कड येते, ती त्या गजबजाटात हरवते. ज्या गुणासाठी पोकळ गिटार घेतली, तोच गुण पुसून टाकणारा पिकअप विकत घेण्यात शहाणपण नाही. 

दुसरी पाहण्याची गोष्ट चुंबकाची. अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या लोहमिश्रित धातूला 'अल्निको' म्हणतात. अल्निको २ तुलनेने सौम्य. त्याने तारेचा आघात मऊ होतो आणि वरचे स्वर गोड वाटतात. अल्निको ५ अधिक बलवान. खर्ज घट्ट आणि वरचे स्वर टोकदार. सिरॅमिक चुंबक सर्वांत स्वस्त आणि जोरकस असते. स्वस्त गिटारींत ते सर्रास आढळते. त्याने आवाज वाईटच होतो असे नाही, पण जुन्या जॅझचा उबदारपणा शोधणाऱ्याने अल्निकोकडे वळणे बरे.

तिसरी बाब आवरणाची, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जुन्या पीएएफचे चकाकते आवरण जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूचे असे. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा पितळेवर मुलामा दिलेला असतो. पितळ विजेचे चांगले वाहक असल्याने त्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि वरचे स्वर दबतात. माहितीपत्रकात 'निकेल सिल्व्हर' आवरणाचा उल्लेख असेल, तर ती बचत योग्य ठिकाणी केली नाही, अशी खूणगाठ बांधावयास हरकत नाही.

कोणाला काय मानवेल?

जॅझ वाजविणाऱ्याने मानेकडील पिकअपकडे लक्ष द्यावे, कारण तो बहुतांश वेळ तोच वापरतो. अल्निको २ किंवा ५ चुंबकाचा, ७ ते साडेसात किलोओहमचा एक साधा पीएएफ पद्धतीचा पिकअप पुरेसा होतो. दोन्ही पिकअप बदलण्याचा आग्रह सोडला, की खर्च एकदम निम्म्यावर येतो. जो पास यांच्यासारख्या वादकाने ज्या 'ईएस-१७५' गिटारवर आपली कला उभी केली, तिचे स्वरूप समजून घेतले तर हा मुद्दा पटतो. १९४९ मध्ये आलेल्या त्या गिटारची तबली महागड्या कोरीव लाकडाची नव्हती, थर चिकटवून केलेल्या साध्या लाकडाची होती. आजच्या मध्यम किमतीच्या बहुतेक पोकळ गिटारी याच पद्धतीने बनतात.

ब्लूज आणि साठच्या दशकातील रॉकचा चाहता पी-९० कडे ओढला जातो. बीटल्सच्या सदस्यांनी १९६० च्या दशकात वाजविलेली एपिफोन 'कसीनो' ही पूर्णतः पोकळ आणि पी-९० असलेली गिटार होती. हमबकरच्या जागी बसणाऱ्या आकारातील पी-९० आज अनेक कंपन्या बनवितात. सेमूर डंकन कंपनीचा 'फॅट कॅट' आणि जीएफएसचा 'मीन ९०' ही त्याची उदाहरणे. लाकूड न कापता स्वर बदलण्याचा हा मार्ग सोयीचा आहे. मात्र एकेरी वेढ्यासोबत गुरगुर येते. घरात आणि शांत मैफलीत ती चालून जाते. रंगीत दिव्यांच्या डिमरने भरलेल्या मंचावर ती डोकेदुखी होते.

रॉकाबिलीचा खणखणाट हवा असेल तर फिल्टरट्रॉन घराण्याला पर्याय नाही. अस्सल फिल्टरट्रॉन हमबकरच्या चौकटीत सरळ बसत नाही, म्हणून हमबकरच्या मापात बनविलेल्या आवृत्त्या शोधाव्यात. मात्र येथे सावध राहावे. काही स्वस्त पिकअप बाहेरून फिल्टरट्रॉनसारखे दिसतात आणि आत नेहमीचा हमबकर असतो. अशा ठिकाणी विद्युतरोधाचा आकडा खरोखर उपयोगी पडतो: ४-५ किलोओहमऐवजी ८ दिसले, तर ते केवळ सोंग समजावे.

स्वस्त म्हणजे दुय्यम?

नामांकित अमेरिकी कंपनीच्या एका पिकअपला साधारणतः शंभर डॉलर किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. हाताने वेढे घालणाऱ्या छोट्या कारागिरांचे दर त्याहीवर जातात. परदेशातून मागविल्यास टपालखर्च आणि सीमाशुल्क वेगळे. याउलट जीएफएस, टोनरायडर, विल्किन्सन, आर्टेक यांसारख्या नावांचे पिकअप पुष्कळ कमी किमतीत मिळतात. पिकअप म्हणजे चुंबक, तार, प्लॅस्टिकची रिळे आणि धातूची पट्टी. यात गूढ असे काही नाही आणि १९५० च्या दशकातील तंत्रज्ञान आज कोठेही राबविता येते. महाग पिकअपमध्ये सातत्य, मापांची अचूकता, चांगले आवरण आणि विक्रीनंतरची सेवा मिळते. पण किंमत तिप्पट म्हणून आवाज तिप्पट चांगला, असे गणित नाही.

आणखी एक मार्ग जुन्या बाजाराचा. पिकअपमध्ये झिजणारा किंवा हलणारा भाग नसतो. त्यामुळे वापरलेला चांगला पिकअप घेण्यात फारसा धोका नाही. मल्टिमीटर २० किलोओहमच्या पट्ट्यावर लावून त्याच्या दोन तारांमधील रोध मोजावा. अपेक्षित आकडा आला तर वेढे शाबूत आहेत. काहीच वाचन आले नाही, तर आतली तार तुटलेली आहे. हाच प्रयोग गिटारला केबल लावून, व्हॉल्युम पूर्ण उघडून, केबलच्या टोकाशीही करता येतो. त्यामुळे गिटार न उघडताच आतल्या पिकअपची प्रकृती कळते.

महागातही विचार लागतो, याचे एक उदाहरण बोलके आहे. सेथ लव्हर यांच्याच सहकार्याने सेमूर डंकन कंपनीने जुन्या पीएएफची जी आवृत्ती काढली, तीत मूळ रचनेशी प्रामाणिक राहण्यासाठी मेण भरलेले नाही. घरी किंवा लहान मैफलीत त्याचा मोकळेपणा मोहक वाटतो. पण तोच पिकअप पोकळ गिटारमध्ये घालून मोठ्या आवाजाच्या वाद्यवृंदात उभे राहणाऱ्याला शिट्टीशी सामना करावा लागू शकतो. तेथे मेण भरलेला स्वस्त पिकअपच श्रेष्ठ ठरतो.

खाचेतून शस्त्रक्रिया

भरीव गिटारच्या पाठीला झाकण असते. ते काढले की सारी जोडणी समोर येते. पूर्णतः पोकळ गिटारला बहुधा असे झाकण नसते. पॉट, स्विच, जॅक हे सारे एफ-खाचेतून किंवा पिकअपच्या छिद्रातून आत-बाहेर करावे लागते. बाटलीतले जहाज जसे बांधतात, तसेच हे काम. जाणकार कारागीर प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा किंवा मत्स्यपेटीची बारीक रबरी नळी अडकवून मगच तो आत सोडतात, म्हणजे परत ओढून जागेवर आणता येतो. साहजिकच मजुरी वाढते, आणि कधीकधी ती स्वस्त पिकअपच्या किमतीएवढी होते.

केवळ पिकअप बदलायचा असेल तर मात्र हे सारे टाळता येते. पिकअपचे स्क्रू काढून तो थोडा वर उचलावा, जुनी तार पिकअपपासून काही अंतरावर कापावी आणि नव्या पिकअपची तार त्याच उरलेल्या टोकाला सोल्डर करावी. आतली तार आतल्या तारेला, जाळी जाळीला. प्रत्येक सांध्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. अंगातली बाकीची जोडणी जागच्या जागी राहते. परंपरावादी कारागिरांना हा सांधा खटकेल. पण नीट केला तर आवाजात फरक पडत नाही आणि मोठी मजुरी वाचते. पोकळ गिटारच्या आत धातूच्या पत्र्याचे कवच लावणे अवघड असते, त्यामुळे वापरायची तार जाळीची असावी.

मापे आधीच घ्यावीत. सहा तारांखालील खिळ्यांचे, पहिल्यापासून सहाव्यापर्यंतचे अंतर काही पिकअपमध्ये ५० मिलिमीटरच्या आसपास, तर काहींत ५२-५३ असते. तारा घोडीकडे पसरत जात असल्याने घोडीकडील पिकअपला हे अंतर थोडे अधिक लागते. 'मानेसाठी' आणि 'घोडीसाठी' असे वेगळे पिकअप विकले जातात त्यामागे दुसरेही कारण आहे. मानेजवळ तार अधिक झुलते, म्हणून तेथील पिकअप कमी वेढ्यांचा ठेवतात. अन्यथा स्विच बदलताच आवाज खाली-वर होतो.

एकच पिकअप बदलणाऱ्याने एका अडचणीची तयारी ठेवावी. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पिकअपची दिशा परस्परविरुद्ध असू शकते. प्रत्येक एकटा उत्तम वाजतो. दोन्ही एकत्र चालू केले की खर्ज नाहीसा होऊन आवाज नाकातून आल्यासारखा, पातळ होतो. पिकअप बिघडला असे समजून तो परत पाठविणारेही असतात. प्रत्यक्षात केवळ दोन तारांची अदलाबदल पुरेशी असते. मात्र ही अदलाबदल चार तारा आणि वेगळी जाळी असलेल्या पिकअपमध्येच सहज करता येते. एकच तार आणि भोवती जाळी असलेल्या जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये त्यासाठी चुंबक उलटे करावे लागते. म्हणून खरेदीच्या वेळीच चार तारांचा पिकअप मागून घेणे हिताचे.

काढलेला मूळ पिकअप मात्र फेकू नये. उद्या गिटार विकताना तो सोबत असेल तर तिचे मोल टिकते. गिटार खरोखर जुनी असेल, तर तिच्यातले मूळ भाग हात न लावता ठेवणेच श्रेयस्कर. तेथे पिकअप बदलणे म्हणजे वारसा विकून भाडे भरण्यासारखे आहे.

पिकअपने हाताला नवी तयारी येत नाही आणि लाकडाचा स्वभावही बदलत नाही. तारेवर बोटाने जे सांगितले, ते विश्वासूपणे पुढे पोहोचविणे एवढेच त्याचे काम. ते करणारा पिकअप महागच असला पाहिजे, असे नाही. तो आपल्या गिटारला आणि आपल्या संगीताला साजेसा असला, की पुरे.

खरेदीपूर्वी एवढे पाहा

- पिकअपची उंची, तारा आणि पॉट तपासून झाले आहेत का?
- किंकाळी तारांवर हात ठेवताच थांबते की चालूच राहते?
- जुन्या पिकअपची लांबी-रुंदी आणि खिळ्यांमधील अंतर मोजले आहे का?
- नव्या पिकअपमध्ये मेण भरलेले आहे का? आवरण कोणत्या धातूचे आहे?
- चुंबक कोणते आणि विद्युतरोध किती, हे माहितीपत्रकात दिले आहे का?
- बाहेर येणाऱ्या तारा चार आहेत की एक?
- एकच पिकअप बदलून काम भागेल का?
- मजुरी आणि सीमाशुल्क धरून एकूण खर्च गिटारच्या किमतीला शोभणारा आहे का?